त्र्याहत्तरीच्या अलीकडची वर्षं

जानेवारी संपता संपता अमेरिकेतल्या वयस्कर माणसांच्या घरी एक साधंसं पत्र येतं. ज्या कंपनीकडे निवृत्तीचं खातं आहे ती कळवते, की यंदा ३१ डिसेंबरच्या आत या खात्यातून किमान इतके डॉलर काढावे लागतील. पत्र वाचून बहुतेकांच्या तोंडून पहिलं वाक्य एकच येतं: "पण मला आत्ता पैशांची गरजच नाही!" माझ्या माहितीत असे कितीतरी काका-काकू आहेत. काटकसरीत वाढलेले, ऐंशी-नव्वदच्या दशकांत दोन सूटकेसा घेऊन इथे आलेले, पगारातून न चुकता पैसे बाजूला टाकत गेलेले. साठवलेल्या पैशाला हात लावायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. आणि आता सरकार सांगतंय, काढा.

या सक्तीच्या रकमेला 'रिक्वायर्ड मिनिमम डिस्ट्रिब्युशन' म्हणतात. बोलताना सगळे आरएमडीच म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू. आरएमडीवरचा कर कमी कसा करायचा हा या प्रकरणाचा विषय आहे. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण ती उशिरा कळली तर तिचा उपयोग उरत नाही. हा कर कमी करण्याची खरी संधी पत्र येण्याच्या आधीच्या वर्षांत असते. पत्र आल्यानंतरही काही करता येतं, आणि तेही आपण पाहू. पण मोठं काम निवृत्ती आणि त्र्याहत्तरी यांच्या मधल्या काळात होतं, आणि नेमक्या त्याच काळात माणसं निवांत असतात.

ही सक्ती का आहे, ते आधी समजून घेऊ. पारंपरिक आयआरए किंवा ४०१(के) खात्यात पैसे टाकताना त्या पैशांवर आयकर भरलेला नसतो. पुढे ते वाढतात त्या वाढीवरही दरवर्षी कर लागत नाही. आपल्याकडे शेत वाट्याने कसायला घेतात, तसा हा व्यवहार आहे. शेत तुम्ही कसता, पीक तुमच्या खळ्यावर येतं, पण त्यातला एक वाटा दुसऱ्याचा असतो. इथला वाटेकरी म्हणजे सरकार. तीस-चाळीस वर्षं तो वाटा मागायला येत नाही, म्हणून सगळी रास आपलीच आहे असं वाटू लागतं. खात्याच्या कागदावर १५ लाख डॉलर छापलेले असतात. त्यातले आपले नेमके किती, हे कुठेच छापलेलं नसतं.

आयआरए १९७४ च्या 'एरिसा' कायद्याने आलं. ४०१(के) हे नाव करसंहितेतल्या कलमाचं, ते १९७८ च्या कायद्याने घातलं गेलं. दोन्हींचा उद्देश माणसाला म्हातारपणी स्वतःचं उत्पन्न असावं हा होता, पिढ्यान्पिढ्या करमुक्त संपत्ती साचवणं हा नव्हता. म्हणून एका वयानंतर पैसे काढायला लागा, असा नियम आला. फार वर्षं ते वय होतं साडेसत्तर. ही अर्ध्या वर्षाची विचित्र रेषा स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी केलेल्या १९६२ च्या कायद्यातून आली होती. २०१९ अखेरच्या सिक्युअर कायद्याने ती ७२ वर नेली आणि डिसेंबर २०२२ मधल्या दुसऱ्या सिक्युअर कायद्याने ७३ वर. आजचा नियम असा, की १९५१ ते १९५९ या काळात जन्मलेल्यांना ७३ व्या वर्षी सुरुवात करावी लागते आणि १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ७५ व्या. मधल्या काळात दोनदा, २००९ मध्ये आणि २०२० मध्ये, बाजार कोसळल्यामुळे सगळ्यांना एकेका वर्षाची माफी मिळाली होती.

रकमेचं गणित सोपं आहे. आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला खात्यात जितके पैसे होते, त्याला आयआरएसने छापलेल्या तक्त्यातल्या आकड्याने भागायचं. ७३ व्या वर्षाचा भाजक २६.५ आहे, ८० चा २०.२, ९० चा १२.२. खात्यात १० लाख डॉलर असतील, तर ७३ व्या वर्षी सुमारे ३७,७०० डॉलर काढावे लागतात. तेवढीच रक्कम नव्वदीत असेल, तर जवळजवळ ८२,००० डॉलर. वय वाढतं तसा भाजक लहान होतो आणि काढायची रक्कम फुगत जाते. पत्नी किंवा पती दहा वर्षांहून अधिक लहान असेल आणि खात्याचा एकमेव वारस तोच असेल, तर वेगळा, जरा सौम्य तक्ता लागतो.

आता एक जोडपं डोळ्यांसमोर आणू. उदाहरण माझं, पण अशी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. टेक्सासमध्ये राहणारं, म्हणजे राज्याचा आयकर नाही. नवऱ्याचा जन्म १९५७ चा, बायकोचा १९५९ चा. २०२५ साल चालू आहे. दोघंही निवृत्त, घराचं कर्ज फिटलेलं. नवऱ्याच्या आयआरएमध्ये १५ लाख डॉलर आहेत. बाहेरच्या बचतीवर वर्षाला २०,००० डॉलर व्याज येतं आणि खर्च बाहेरच्या बचतीतूनच भागतो. सोशल सिक्युरिटी त्यांनी मुद्दाम सुरू केलेली नाही, कारण पूर्ण निवृत्तिवयानंतर सत्तरीपर्यंत थांबलं तर ती दर वर्षामागे ८ टक्क्यांनी वाढते. त्यांची कराची पावती यंदा शून्याची आहे, आणि दोघं खूश आहेत.

माझ्या मते ही शून्याची पावती त्यांचं नुकसान करते आहे. का, ते पाहू.

खातं वर्षाला ५ टक्क्यांनी वाढलं, तर २०२९ च्या अखेरीस त्यात १९ लाखांहून अधिक डॉलर असतील. २०३० मध्ये पहिली आरएमडी निघेल सुमारे ७२,२०० डॉलरची. त्यानंतर दरवर्षी नियमाइतके पैसे काढत गेले तरी खातं आटत नाही, उलट पुढली काही वर्षं वाढतच राहतं. ऐंशीव्या वर्षी आरएमडी होते १ लाख डॉलरच्या आसपास. अडीच टक्क्यांची महागाई धरून आजच्या किमतीत सांगायचं, तर साधारण ७५,००० डॉलर. त्यात दोघांची मिळून ६०,००० डॉलरची सोशल सिक्युरिटी आणि २०,००० डॉलर व्याज मिळवा. २०२५ च्या टप्प्यांप्रमाणे हे जोडपं १२ टक्क्यांच्या टप्प्यातून सरळ २२ टक्क्यांच्या टप्प्यात जातं, आणि पुढे तिथेच राहतं. हे पैसे हवेत म्हणून नव्हे, काढावेच लागतात म्हणून.

आता त्यांनी यंदाच, २०२५ मध्ये, थोडे पैसे पारंपरिक आयआरएतून रॉथ आयआरएमध्ये वळवले असते तर? रॉथ हे खातं १९९७ च्या कायद्याने आलं, डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावाने. त्याचा न्याय उलटा आहे. कर आधी भरायचा, पुढची वाढ करमुक्त, आणि मालक जिवंत असेपर्यंत आरएमडी नाही. पूर्वी ठरावीक उत्पन्नाच्या वर असलेल्यांना असे पैसे वळवता येत नसत. २०१० पासून ती अट गेली.

या जोडप्याला २०२५ साठी ३१,५०० डॉलरचं स्टँडर्ड डिडक्शन आहे. पासष्टीपुढचे म्हणून दोघांचे मिळून आणखी ३,२०० डॉलर. शिवाय २०२५ ते २०२८ या चार वर्षांपुरती ज्येष्ठांसाठी प्रत्येकी ६,००० डॉलरची नवी वजावट आहे, जोडप्याचं उत्पन्न दीड लाख डॉलरच्या वर गेलं की ती कमी होत जाते. एकूण ४६,७०० डॉलरवर कर नाही. त्यापुढे १२ टक्क्यांचा टप्पा ९६,९५० डॉलर करपात्र उत्पन्नापर्यंत चालतो. म्हणजे २०,००० डॉलर व्याज धरूनही त्यांना १,२३,६५० डॉलर रॉथमध्ये वळवता येतात आणि तरीही ते १२ टक्क्यांच्या आतच राहतात. त्यावर कर किती? ११,१५७ डॉलर, म्हणजे नऊ टक्के. पुढे ज्या पैशांवर २२ टक्के द्यावे लागणार, त्यांच्यावर आज नऊ टक्क्यांत वाटेकऱ्याचा हिशेब मिटतो.

'आज उगाच ११ हजार कर कशाला भरायचा?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो प्रामाणिक आहे. आयुष्यभर यंदाचा कर कमी करण्याची सवय लागलेली असते. निवृत्तीनंतर मात्र प्रश्न बदलतो: दोघांच्या मिळून उरलेल्या आयुष्यात एकूण कर किती जाणार? एखाद्या वर्षी शून्य कर भरणं म्हणजे त्या वर्षाचे स्वस्त टप्पे न वापरता सोडून देणं, आणि ते टप्पे पुढच्या वर्षी जोडून मिळत नाहीत.

हे सोशल सिक्युरिटी सुरू होण्याआधी का करायचं, हा बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. सोशल सिक्युरिटीवर कर लागतो तो बाकीच्या उत्पन्नाकडे बघून. बाकीचं उत्पन्न अधिक निम्मी सोशल सिक्युरिटी ही बेरीज जोडप्यासाठी ३२,००० डॉलरच्या वर गेली की सोशल सिक्युरिटीचा काही भाग करपात्र होऊ लागतो, आणि ४४,००० च्या वर ८५ टक्क्यांपर्यंत. एकट्या माणसासाठी या रेषा २५,००० आणि ३४,००० वर आहेत. खालच्या रेषा १९८३ च्या कायद्याने आखल्या, वरच्या १९९३ च्या. कराचे टप्पे दरवर्षी महागाईप्रमाणे सरकतात, या रेषा मात्र तेव्हापासून एका डॉलरनेही हललेल्या नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी चांगलं कमावणाऱ्यांसाठी आखलेली रेषा आज साध्या पेन्शनरांना लागते. मला हा सरळ अन्याय वाटतो, आणि तो कोणी दुरुस्त केलेला नाही.

परिणाम असा, की आयआरएतून काढलेला एक डॉलर स्वतः करपात्र होतोच, शिवाय सोशल सिक्युरिटीचे ८५ सेंटपर्यंत करात ओढून आणतो. १२ टक्क्यांचा दर प्रत्यक्षात २२.२ टक्क्यांपर्यंत जातो. आपल्याच जोडप्यावर हे तपासून पाहा. सोशल सिक्युरिटी सुरू झाल्यावर त्यांनी ६०,००० डॉलर रॉथमध्ये वळवले, तर २०२५ च्याच दरांनी कर येतो सुमारे ९,६०० डॉलर. वळवायची रक्कम निम्मी झाली, टप्पा तोच राहिला, पण दर नऊवरून सोळा टक्क्यांवर गेला. सोळा टक्केही पुढच्या बावीसपेक्षा स्वस्तच. पण नऊ टक्क्यांची ती पहिली दोन वर्षं परत येत नाहीत.

समजा, त्यांनी २०२५ आणि २०२६ मध्ये दरवर्षी १ लाख २० हजार वळवले, आणि नंतरची तीन वर्षं साठ-साठ हजार. २०३० ची आरएमडी ७२,२०० ऐवजी ५४,४०० च्या आसपास येते, आणि रॉथमध्ये ४ लाख २० हजार डॉलर अधिक त्यांची वाढ इतकी करमुक्त पुंजी उभी राहते. हा ढोबळ हिशेब आहे. बाजार सरळ ५ टक्क्यांनी वाढत नाही आणि टप्पेही सरकतात. पण त्याची दिशा चुकत नाही.

या वाटेवर काही जागा सांभाळायच्या आहेत. वळवलेल्या पैशांवरचा कर बाहेरच्या बचतीतून भरावा, आयआरएतूनच भरला तर फायद्याचा मोठा भाग तिथेच निघून जातो. पासष्टीच्या आत असलेल्या आणि आरोग्य विम्यावर सरकारी सवलत घेणाऱ्या माणसाने जपून वळवावं, कारण वाढलेल्या उत्पन्नाने ती सवलत जाते. २०१८ पासून केलेलं रूपांतर मागे घेता येत नाही, म्हणून ते वर्षाच्या शेवटी, उत्पन्नाचे सगळे आकडे हाती आल्यावर करणं चांगलं. आणि एकदा आरएमडीचं वय लागलं की त्या वर्षाची आरएमडी आधी काढावी लागते, मगच उरलेल्यातून वळवता येतं. आरएमडीची रक्कम स्वतः रॉथमध्ये जाऊ शकत नाही.

मेडिकेअरची रेषा वेगळी सांगावी लागेल, कारण तिचा स्वभाव पायरीचा नाही, कड्याचा आहे. मेडिकेअरच्या ब आणि ड भागांचा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो. २०२५ मध्ये ब भागाचा साधा हप्ता महिन्याला १८५ डॉलर होता. दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न एकट्यासाठी १,०६,००० किंवा जोडप्यासाठी २,१२,००० डॉलरच्या वर एका डॉलरने जरी गेलेलं असलं, तरी तो २५९ होत होता, आणि जोडप्याला तो दोनदा लागतो. निवृत्ती किंवा जोडीदाराचा मृत्यू अशा कारणाने उत्पन्न घटलं असेल, तर अर्ज करून सूट मागता येते. रॉथ रूपांतर मात्र त्या कारणांत बसत नाही. म्हणून त्रेसष्टीपासून पुढे ही रेषा डोळ्यांसमोर ठेवूनच रक्कम ठरवायची.

आता जे सांगायचं आहे ते बोलायला घरात कोणालाच आवडत नाही. दोघांपैकी एक जण आधी जाणार. त्यानंतरच्या वर्षापासून मागे राहिलेल्या व्यक्तीचा कर 'सिंगल' म्हणून मोजला जातो. आपल्या जोडप्यातली ती मागे राहिली असं धरू. आयआरए तिच्या नावावर येतं, म्हणजे आरएमडी जवळपास तेवढीच राहते, आजच्या किमतीत ७५,००० च्या घरात. दोघांपैकी मोठी सोशल सिक्युरिटी राहते, लहान बंद होते. समजा ६०,००० ची ३६,००० झाली. घरात पैसे कमी आले. पण स्टँडर्ड डिडक्शन जवळजवळ निम्मं झालं, टप्पेही निम्म्यावर आले, आणि ती २२ वरून २४ टक्क्यांच्या टप्प्यात गेली. मेडिकेअरचा कडा जोडप्याला कोसो दूर होता, तिने तो ओलांडला. उत्पन्न घटलं आणि कराचा दर वाढला, तेही तिच्या सगळ्यात कठीण वर्षांत. मी ज्यांच्याशी बोलतो त्यांना रॉथचं गणित पटलं नाही, तरी हा परिच्छेद पटतो. नवरा-बायकोंनी आपली खाती एकत्र बसून बघावीत, दोघांनाही ती ठाऊक असावीत, एवढा तरी हट्ट मी धरतोच.

त्र्याहत्तरी उलटून गेलेल्यांसाठी उत्तम हत्यार म्हणजे आयआरएतून थेट दान, म्हणजे 'क्वालिफाइड चॅरिटेबल डिस्ट्रिब्युशन'. ही सोय २००६ च्या कायद्याने आली आणि २०१५ अखेर कायमची झाली. साडेसत्तर वयानंतर आयआरएमधून पैसे थेट धर्मादाय संस्थेकडे पाठवले, तर ते आरएमडीत मोजले जातात, पण उत्पन्नात येतच नाहीत. २०२५ साठी दरमाणशी मर्यादा १,०८,००० डॉलर होती. 'उत्पन्नात येत नाहीत' हे शब्द महत्त्वाचे. पैसे आधी हातात घेऊन मग दान केलं, तर उत्पन्न वाढतंच, आणि स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्याला दानाची वजावट फारशी मिळत नाही. थेट दानाने मात्र सोशल सिक्युरिटीवरचा कर आणि मेडिकेअरची रेषा दोन्ही सांभाळली जातात.

आपल्या लोकांचा गोंधळ इथे फार होतो. संस्था अमेरिकेत नोंदलेली, पात्र धर्मादाय संस्था असावी लागते. आपल्या गावच्या शाळेला, साताऱ्याच्या किंवा चिपळूणच्या विश्वस्त संस्थेला आयआरएतून थेट पैसे पाठवले, तर ते यात बसत नाहीत. त्या कामासाठी मदत गोळा करणारी, अमेरिकेत नोंदलेली संस्था असेल तर तिला देता येतं. महाराष्ट्र मंडळाला देणार असाल, तर त्याची करमुक्त धर्मादाय म्हणून नोंद आहे का, हे आधी विचारा. आणि बदल्यात काही घ्यायचं नाही. दिवाळी कार्यक्रमाची जेवणासकट तिकिटं यातून घेता येत नाहीत. चेक संस्थेच्या नावाने निघायला हवा, तुमच्या नावाने नव्हे. ४०१(के) मधून हे जमत नाही, आयआरएच लागतं. आणखी एक गोष्ट क्रमाची. वर्षात जे पैसे आधी निघतील ते आरएमडीचे समजले जातात. जानेवारीत पूर्ण आरएमडी खात्यात घेऊन बसलात आणि डिसेंबरमध्ये दानाची आठवण झाली, तर आधीचं उत्पन्न पुसलं जात नाही. दान आधी, मग उरलेलं स्वतःसाठी.

जे अजून नोकरी करतात त्यांच्यासाठी एक दार उघडं आहे. सध्या जिथे काम करता त्या कंपनीच्या ४०१(के) मधून, कंपनीत ५ टक्क्यांहून अधिक मालकी नसेल आणि योजनेत तशी तरतूद असेल, तर निवृत्त होईपर्यंत आरएमडी काढावी लागत नाही. जुन्या नोकऱ्यांतली खाती त्या योजनेत आणता आली, तर त्यांनाही ती सवलत लागते. ८५ पर्यंत लांबवलेली वार्षिकी, म्हणजे क्यूएलएसी, हाही एक मार्ग आहे. २०२५ मध्ये त्यात २,१०,००० डॉलरपर्यंत टाकता येत होते आणि ती रक्कम आरएमडीच्या हिशेबातून वगळली जाते. पण कर वाचवण्यासाठी म्हणून ती घेऊ नये. आयुष्यभर ठरावीक पैसे मिळत राहावेत असं वाटत असेल तरच घ्यावी.

पहिल्या आरएमडीला थोडी मुभा असते. ती त्र्याहत्तरीच्या वर्षाऐवजी पुढल्या वर्षी १ एप्रिलपर्यंत घेता येते. अनेकांना हे सवलतीसारखं वाटतं. पण मग त्याच वर्षी दुसरीही ३१ डिसेंबरच्या आत काढावी लागते, दोन आरएमडी एका वर्षाच्या उत्पन्नात पडतात आणि वर सांगितलेल्या सगळ्या रेषा एकदम ओलांडल्या जातात. निवृत्ती त्याच वर्षी घेतली नसेल, तर ही मुभा वापरू नये असंच मी सांगेन.

चूक झाली तर? पूर्वी न काढलेल्या रकमेच्या निम्मा दंड होता. २०२३ पासून तो २५ टक्के आहे, आणि वेळेत दुरुस्ती केली तर १० टक्के. माझ्या परिचयातल्या एका निवृत्त अभियंत्यांची दोन आयआरए होती आणि दोन जुन्या कंपन्यांची दोन ४०१(के). त्यांनी चारही खात्यांची बेरीज करून सगळी आरएमडी एका आयआरएतून काढली. आयआरएंच्या बाबतीत ते चालतं, एकत्र हिशेब करून एकातून काढता येतं. ४०१(के) ला ते चालत नाही, प्रत्येकाची आरएमडी त्याच खात्यातून निघावी लागते. पुढच्या वर्षी चूक कळल्यावर त्यांनी राहिलेली रक्कम लगेच काढली, ५३२९ क्रमांकाचा फॉर्म भरला, घडलं ते सरळ लिहून माफी मागितली, आणि ती मिळाली. तो कागद मी त्यांच्याबरोबर लिहिला होता. त्यांचा हात कापत होता. चाळीस वर्षं एकही बिल उशिरा न भरलेला माणूस तो.

आणखी एक जुना फॉर्म शोधून ठेवायला हवा, ८६०६. पगार जास्त असल्याने वजावट मिळत नव्हती, तरीही ज्यांनी आयआरएमध्ये पैसे टाकले, त्या पैशांवर कर आधीच भरलेला आहे. आयआरएतल्या ५ लाखांपैकी ५०,००० असे असतील, तर काढलेल्या प्रत्येक डॉलरचा दहावा भाग करमुक्त निघायला हवा. पण हे सिद्ध करणारा कागद तुमच्याकडचाच. त्या फॉर्मची फाइल हरवली, तर एकाच पैशावर दोनदा कर जातो. संगणक क्षेत्रात आलेल्या आपल्या पिढीत असे पैसे टाकलेले बरेच आहेत, आणि फाइल कुठे आहे हे ठाऊक असलेले थोडे.

पुणे, नाशिक, पणजी इथे परतलेल्यांनाही हे सुटत नाही. अमेरिकी नागरिक कुठेही राहिला तरी आरएमडी काढावीच लागते आणि अमेरिकेचं करपत्रक भरावं लागतं. भारतात पूर्ण रहिवासी ठरल्यावर जगभरचं उत्पन्न तिथेही करपात्र होतं. २०२१ मध्ये आयकर कायद्यात आलेल्या कलम ८९अ ने अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा इथल्या निवृत्ती खात्यांबाबत एक मोठी अडचण दूर केली. योग्य फॉर्म भरला, तर खात्यातल्या वाढीवर दरवर्षी नव्हे, पैसे काढताना कर लागतो, म्हणजे दोन्ही देशांचे कर एकाच वर्षात येतात आणि एकात भरलेल्याची सवलत दुसऱ्यात मागता येते. बरीच वर्षं बाहेर राहून परतलेल्याला सुरुवातीची साधारण दोन-तीन वर्षं 'रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नाही' असा दर्जा मिळतो. त्या काळात परदेशात मिळालेल्या आणि परदेशातच हाती आलेल्या अशा उत्पन्नावर भारतात कर नसतो. रॉथकडे वळवायचं असेल किंवा मोठी रक्कम काढायची असेल, तर ती याच वर्षांत बसवता येते का, हे दोन्ही देशांचा कर जाणणाऱ्या माणसाला परतीचं तिकीट काढण्यापूर्वी विचारावं. मुंबईच्या विमानतळावर उतरल्यावर विचारणारे जास्त भेटतात.

राहता राहिली मुलं. २०२० पासून आईवडिलांचं आयआरए मिळालेल्या मुलांना ते साधारणपणे दहा वर्षांत रिकामं करावं लागतं, आणि आईवडिलांची आरएमडी सुरू झालेली असेल, तर मधल्या वर्षांतही थोडं थोडं काढावं लागतं. मुलं तेव्हा पन्नाशीत असतात, ऐन कमाईत, कदाचित कॅलिफोर्नियासारख्या करभारी राज्यात. वडिलांना २२ टक्के लागला असता तो पैसा मुलाच्या हातात ३५ टक्क्यांनी कापला जाऊ शकतो. म्हणून काहीतरी दान करायची इच्छा असेल, तर पारंपरिक आयआरएच्या वारसपत्रात संस्थेचं नाव घालावं, कारण तिला त्यावर कर नाही. मुलांसाठी रॉथ आणि बाहेरचे शेअर्स ठेवावेत. वारसपत्रावरचं नाव मृत्युपत्राने बदलत नाही, ते खात्याच्या कंपनीकडेच बदलावं लागतं. मी पाहिलेल्या एका वारसपत्रावर १९९१ साली लिहिलेलं नाव होतं आईचं, आणि ती माउली २००६ मध्येच गेली होती.